दूरसंचार नियमन व स्पर्धाधोरण

दूरसंचार नियमन व स्पर्धाधोरण : दूरध्वनी, तार, बिनतारी संदेशवहन, भ्रमणध्वनी व इंटरनेट या सेवा कोणी, कोणत्या अटींवर व कोणत्या दरांनी पुरवाव्यात आणि त्या पुरविणाऱ्यांनी परस्परांशी व ग्राहकांशी कसे वागावे, हे कायद्याने ठरविण्याच्या व्यवस्थेस दूरसंचार नियमन म्हणतात. बाजारपेठेतील प्रबळ उत्पादकाने वा विक्रेत्याने आपल्या बळाचा गैरवापर करू नये, संगनमताने दर ठरवू नयेत व नव्या प्रतिस्पर्ध्याची वाट अडवू नये, यासाठी राज्यसंस्थेने स्वीकारलेल्या धोरणास स्पर्धाधोरण अशी संज्ञा आहे. नियमन हे बहुधा आगाऊ नियम घालून देते. स्पर्धाविषयक कायदा घडलेल्या वर्तनाची चौकशी करतो. दूरसंचाराच्या क्षेत्रात या दोहोंची सरमिसळ होते. कारण एका कंपनीच्या ग्राहकास दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाशी बोलता यावयाचे, तर त्या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांना आपली जाळी एकमेकींस जोडावीच लागतात. ही अंतर्जोडणी नाकारली वा महाग केली की, स्पर्धा कागदावरच राहते.

भारतातील या व्यवस्थेचा इतिहास दिल्ली, मुंबई येथील कार्यालयांच्या व न्यायालयांच्या निर्णयांचा इतिहास म्हणून सांगण्याची प्रथा आहे. तथापि त्या निर्णयांची खरी कसोटी महानगरांबाहेर लागते. मराठवाड्यातील धाराशिव जिल्हा (२०२३ पर्यंतचे अधिकृत नाव उस्मानाबाद) या दृष्टीने उद्बोधक आहे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सु. १६ लक्ष ५८ हजार असून तीपैकी सु. ८३ टक्के लोक खेड्यांत राहतात. मोठे औद्योगिक शहर नसलेल्या, पर्जन्यछायेतील अशा जिल्ह्यात सेवा पोहोचविणे कोणत्याही कंपनीस महानगराइतके किफायतशीर नसते. म्हणूनच प्रत्येक नव्या धोरणाने येथील ग्राहकास काय दिले, हा प्रश्न त्या धोरणाच्या मूल्यमापनात मध्यवर्ती ठरतो.

पूर्वपीठिका : हिंदुस्थानात विद्युत् तारेचे पहिले प्रयोग डब्ल्यू. बी. ओशॉनेसी याने १८३९ मध्ये कलकत्त्याजवळ केले व १८५४ पर्यंत मुंबई, आग्रा, कलकत्ता व मद्रास ही शहरे तारेने जोडली जाऊ लागली. त्याच वर्षी तारेविषयीचा पहिला कायदा झाला. पुढे १८८५ च्या भारतीय तार अधिनियमाने या क्षेत्राची कायदेशीर चौकट दीर्घकाळासाठी निश्चित केली. त्याच्या चौथ्या कलमान्वये तारयंत्रणा उभारण्याचा, राखण्याचा व चालविण्याचा अनन्य अधिकार शासनाकडे ठेवण्यात आला. मात्र शासनास इतरांना अनुज्ञप्ती देण्याची मुभा होती. मक्तेदारी व अनुज्ञप्ती ही दोन्ही बीजे अशा प्रकारे एकाच कलमात होती. शंभराहून अधिक वर्षांनी खाजगी कंपन्यांना या क्षेत्रात प्रवेश देताना शासनाने याच कलमाचा आधार घेतला.

दूरध्वनीची सुरुवात खाजगी कंपन्यांकडून झाली. २८ जानेवारी १८८२ रोजी कलकत्ता, मद्रास व मुंबई येथे ओरिएंटल टेलिफोन कंपनीची विनिमय केंद्रे सुरू झाली. मुंबईतील दूरध्वनी सेवा पुढे बॉम्बे टेलिफोन कंपनीने चालविली व १९४३ मध्ये ती शासनाने ताब्यात घेतली. म्हणजे शासकीय मक्तेदारीचा काळ ज्याला मुंबईच्या संदर्भात म्हणता येईल, तो दूरध्वनीच्या जन्मापासूनचा नसून त्यानंतर साठ वर्षांनी सुरू झालेला आहे.

धाराशिवची पार्श्वभूमी याहून वेगळी होती. हा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानचे स्वतःचे टपाल खाते होते व १८६९ पासून त्याची स्वतंत्र तिकिटे निघत असत. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईत सोलापूरकडून आलेल्या भारतीय सैन्याने पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतले. पुढे भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील संघसूचीत टपाल, तार, दूरध्वनी व बिनतारी हे विषय घालण्यात आल्याने संस्थानी व्यवस्था संपुष्टात आली. राज्यपुनर्रचनेनुसार जिल्हा १९५६ मध्ये मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १९८२ मध्ये त्यातून लातूर जिल्हा वेगळा झाला. या सर्व बदलांत महसूल, शिक्षण, सहकार हे विषय राज्याच्या राजधानीकडे आले; दूरसंचार मात्र सर्वस्वी केंद्राचा विषय राहिला. धाराशिवच्या ग्राहकाची या विषयातील दाद मुंबईपर्यंतही जात नसे, ती दिल्लीसच जाई.

शासकीय मक्तेदारीचा काळ : स्वातंत्र्याच्या वेळी देशात सु. ८० हजार दूरध्वनी होते. पुढील चार दशकांत टपाल व तार खात्याने जाळे वाढविले; परंतु नियोजनात दूरध्वनी ही चैनीची वस्तू गणली गेल्याने भांडवल अपुरे पडे व मागणीदारांची प्रतीक्षासूची वर्षानुवर्षे वाढत जाई. या काळात नियामक असा वेगळा कोणी नव्हता. दर ठरविणारा, सेवा देणारा, परवाने देणारा व तक्रार ऐकणारा विभाग एकच होता. १९६९ च्या मक्तेदारी व निर्बंधक व्यापारी प्रथा अधिनियमाचा रोख मुख्यतः खाजगी उद्योगसमूहांच्या आर्थिक सत्तेच्या केंद्रीकरणावर होता. शासकीय खात्याची कायद्याने दिलेली मक्तेदारी त्याच्या कक्षेबाहेर होती.

१९८५ मध्ये टपाल व दूरसंचार हे विभाग स्वतंत्र झाले. १९८६ मध्ये मुंबई व दिल्ली या दोन शहरांसाठी महानगर टेलिफोन निगम स्थापन झाले. दूरसंचार विकास केंद्राने (सी-डॉट, स्थापना १९८४) धूळ, उष्णता व वातानुकूलनाचा अभाव सहन करू शकेल, असे १२८ जोडण्यांचे ग्रामीण स्वयंचलित विनिमय केंद्र तयार केले. त्यातील पहिले केंद्र १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे बसविण्यात आले. याच सुमारास खाजगी व्यक्तींनी चालवावयाच्या सार्वजनिक दूरध्वनी केंद्रांचा प्रसार झाला. ‘एसटीडी-पीसीओ’ अशी पिवळी पाटी लावलेल्या या लहान खोल्यांनी तालुक्याच्या गावास बाह्य जगाशी जोडले. घरी दूरध्वनी नसलेल्या माणसासही दूरध्वनी वापरता येतो, हे तत्त्व त्यांनी कोणत्याही धोरणग्रंथाआधी रूढ केले.

दूरध्वनीचा भूगोल : नियमनाचे परिणाम समजण्यासाठी त्याची प्रादेशिक विभागणी लक्षात घ्यावी लागते. देशाची विभागणी परवान्यांसाठी परिमंडळांत करण्यात आली. महाराष्ट्र परिमंडळात मुंबई महानगर वगळता उर्वरित महाराष्ट्र व गोवा यांचा समावेश होतो. त्यामुळे परवान्याच्या दृष्टीने धाराशिव हे पुणे, नासिक, नागपूर व पणजी यांच्याच बाजारपेठेत मोडते. परिमंडळाखाली साधारणतः जिल्ह्याएवढे दुय्यम स्विचन क्षेत्र व त्याखाली साधारणतः तालुक्याएवढे अल्पांतर आकारणी क्षेत्र अशी रचना करण्यात आली. प्रत्येक अल्पांतर क्षेत्रास स्वतंत्र संकेतांक असे. धाराशिवचा ०२४७२, तुळजापूरचा ०२४७१, कळंबचा ०२४७३, उमरग्याचा ०२४७५, परंड्याचा ०२४७७ व भूमचा ०२४७८ हे संकेतांक या जुन्या सहा तालुक्यांच्या नकाशाचेच अवशेष होत. लोहारा व वाशी हे तालुके नंतर निर्माण झाल्याने जिल्ह्यात आठ तालुके असूनही संकेतांक सहाच आहेत.

ही रचना निव्वळ तांत्रिक नव्हती. स्थानिक दर कोठे संपतो व दूरांतराचा दर कोठे सुरू होतो, हे तीवरून ठरे. ज्या मोठ्या शहरात ग्राहकाचे बहुतेक व्यवहार त्याच शहरात होत, तेथे स्वस्त स्थानिक दराचा लाभ अधिक मिळे. ज्याचा दवाखाना सोलापुरात, बाजार बार्शीस व नोकरीला गेलेला मुलगा पुण्यात, अशा परंडा वा भूम येथील कुटुंबाचे जवळजवळ प्रत्येक महत्त्वाचे संभाषण दूरांतराच्या दरात मोडे. दूरांतराचे दर खर्चाच्या मानाने बरेच चढे ठेवून त्यांतून स्थानिक सेवेचा तोटा भरून काढण्याची पद्धती होती. ही पद्धती गरिबांच्या हिताची आहे, असे सांगितले जाई. व्यवहारात तिचा भार लहान गावांतील ग्राहकांवरही पडत असे.

स्पर्धेस प्रारंभ : १९९१ च्या आर्थिक सुधारणांनंतर प्रथम दूरसंचार सामग्रीचे उत्पादन व नंतर मूल्यवर्धित सेवा खाजगी उद्योगास खुल्या झाल्या. १३ मे १९९४ रोजी जाहीर झालेल्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने मूलभूत दूरध्वनी सेवेतही खाजगी कंपन्यांना प्रवेश दिला व १९९७ पर्यंत सर्व खेड्यांत दूरध्वनी पोहोचविण्याचे उद्दिष्ट ठेवले. परवाने सर्वाधिक बोली बोलणाऱ्यास देण्यात आले. महाराष्ट्र परिमंडळात भ्रमणध्वनीचे परवाने बीपीएल व बिर्ला एटीअँडटी यांस व मूलभूत सेवेचा परवाना ह्यूज इस्पात या कंपनीस मिळाला.

या परवान्यांतील विस्ताराच्या अटी विचारात घेण्याजोग्या आहेत. भ्रमणध्वनी कंपनीने पहिल्या वर्षात परिमंडळातील १० टक्के व तीन वर्षांत ५० टक्के जिल्हा मुख्यालये व्यापावीत, अशी अट होती. मुख्यालयाऐवजी त्याच जिल्ह्यातील दुसरे शहर घेण्याचीही मुभा होती. म्हणजे निम्मे जिल्हे मुळीच न व्यापताही कंपनी अटीचे तंतोतंत पालन करू शकत होती. कोणते निम्मे जिल्हे मागे राहण्याचा संभव अधिक, हे सांगण्यास अर्थशास्त्र्याची गरज नाही. मूलभूत सेवेच्या परवानाधारकांवर खेड्यांत सार्वजनिक दूरध्वनी देण्याची बांधिलकी होती. परंतु ती पाळण्यात त्या कंपन्या फार मागे पडल्या. दंड भरणे हे खेड्यात तार टाकण्यापेक्षा स्वस्त ठरले, तर कंपनी दंडाचा मार्ग पत्करते, हा या अनुभवाचा धडा होय. १९९७ चे उद्दिष्ट हुकले. १९९९ च्या नव्या दूरसंचार धोरणाच्या वेळी ग्रामीण भागात दर शंभर माणसांमागे दूरध्वनींचे प्रमाण अवघे ०·४ होते.

स्वतंत्र नियामकाचा उदय : शासनाचा दूरसंचार विभाग स्वतः सेवा देत असताना प्रतिस्पर्ध्यांना परवाने देतो व त्यांच्याशी झालेल्या वादाचा निवाडाही करतो, ही विसंगती लवकरच उघड झाली. खाजगीकरणाच्या धोरणास दिलेले आव्हान फेटाळताना सर्वोच्च न्यायालयानेही १९९६ मध्ये स्वतंत्र नियामकाची आवश्यकता लक्षात आणून दिली. १९९७ च्या अधिनियमान्वये भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण अस्तित्वात आले. अलाहाबाद उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश एस. एस. सोधी हे त्याचे पहिले अध्यक्ष होत.

प्राधिकरणाची पहिली तीन वर्षे शासनाशी संघर्षात गेली. महानगर टेलिफोन निगमाच्या भ्रमणध्वनी सेवेतील प्रवेशाच्या वादात परवाने देण्याच्या शासनाच्या अधिकारात प्राधिकरणास हस्तक्षेप करता येत नाही, असा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाने १९९८ मध्ये दिला. तथापि दरांच्या बाबतीत त्याचे कार्य मूलगामी ठरले. मार्च १९९९ च्या दर-आदेशाने दूरांतराचे दर खाली आणून दर व खर्च यांचा मेळ घालण्यास सुरुवात केली आणि भ्रमणध्वनीच्या संभाषणाचा मानक दर मिनिटास ६ रुपये इतका खाली आणला. जानेवारी २००० मध्ये अध्यादेश काढून मूळ प्राधिकरण बरखास्त करण्यात आले. वाद सोडविण्याचे काम दूरसंचार विवाद निवारण व अपील न्यायाधिकरण या नव्या संस्थेकडे गेले. दर, अंतर्जोडणी व सेवेचा दर्जा यांचे नियमन पुनर्घटित प्राधिकरणाकडे राहिले. १ ऑक्टोबर २००० रोजी शासनाची सेवा भारत संचार निगम या कंपनीकडे सोपविण्यात आली. त्यामुळे धोरण, नियमन, न्यायनिवाडा व सेवा ही चार कामे प्रथमच चार ठिकाणी विभागली गेली.

त्यानंतरच्या दशकात स्पर्धेचे परिणाम झपाट्याने दिसले. १९९९ मध्ये ठरावीक परवानाशुल्काऐवजी उत्पन्नातील हिस्सा घेण्याची पद्धती आली. २००० मध्ये राष्ट्रीय दूरांतर सेवा व २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय सेवा खुली झाली. मे २००३ पासून भ्रमणध्वनीवर येणाऱ्या संभाषणाचा आकार घेणे बंद झाले. अल्प उत्पन्नाच्या ग्राहकाच्या दृष्टीने हा बहुधा सर्वांत महत्त्वाचा निर्णय होय. कारण पैसे संपले तरी घरचा दूरध्वनी घेता येऊ लागला. मार्च २००६ मध्ये शासकीय कंपन्यांनी देशभर मिनिटास १ रुपया दराची योजना आणली, तेव्हा तालुक्याच्या सीमेवर उभारलेली दराची भिंत प्रायः कोसळली. जानेवारी २०११ पासून क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याची सोय देशभर मिळाली.

सार्वत्रिक सेवा : स्पर्धेने दर उतरले, तरी जेथे ग्राहक विरळ आहेत तेथे ती आपोआप पोहोचत नाही. यासाठी दोन उपाय योजले गेले. पहिला, २००३ ते २००८ या काळात भारत संचार निगमाच्या तोट्यातील जोडण्यांसाठी इतर कंपन्यांकडून घेतलेला प्रवेश-तूट आकार होय. प्रबळ शासकीय कंपनीस प्रतिस्पर्ध्यांनी पैसे द्यावेत, या कल्पनेवर बरीच टीका झाली व तो टप्प्याटप्प्याने रद्द झाला. दुसरा, १ एप्रिल २००२ पासून अंमलात आलेला सार्वत्रिक सेवा बांधिलकी निधी होय. सर्व परवानाधारकांच्या उत्पन्नातून ठरावीक हिस्सा (प्रदीर्घ काळ ५ टक्के) घ्यावयाचा व सर्वांत कमी अनुदान मागणाऱ्या कंपनीस ग्रामीण काम द्यावयाचे, अशी ही योजना. तीतून नादुरुस्त राहणारे सु. १ लक्ष ८५ हजार जुने बिनतारी ग्रामदूरध्वनी बदलण्यात आले, तसेच २००७ पासून तीन कंपन्यांनी मिळून वापरावयाचे सात हजारांहून अधिक मनोरे ग्रामीण भागात उभे राहिले. तथापि जमा झालेल्या निधीचा मोठा भाग दीर्घकाळ अखर्चित राहिला.

ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याच्या योजनेस २०११ मध्ये मान्यता मिळाली. २०१५ मध्ये तीस भारतनेट असे नाव देण्यात आले. २०१८ मध्ये केंद्र शासनाने निवडलेल्या आकांक्षित जिल्ह्यांत महाराष्ट्रातील गडचिरोली, नंदुरबार व वाशिम यांच्या जोडीस उस्मानाबादचा समावेश होता. नोव्हेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांच्या आकांक्षित जिल्ह्यांतील ७,२८७ सेवावंचित खेड्यांत चौथ्या पिढीची सेवा देण्याची योजना याच निधीतून मंजूर झाली. भ्रमणध्वनी आल्यावर पंचवीस वर्षांहून अधिक काळ लोटूनही अशी योजना आखावी लागली, यातच केवळ स्पर्धेवर विसंबण्याची मर्यादा स्पष्ट होते.

हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात लातूर जिल्ह्याप्रमाणेच तत्कालीन उमरगा तालुक्यातील सास्तूर व इतर गावे उद्ध्वस्त झाली व हजारो लोक मृत्युमुखी पडले. अशा आपत्तीत गावाबाहेर निरोप किती मिनिटांत जातो, यावर मदतीचा वेग अवलंबून असतो. पुढील काळात पीकविमा, शिधा, बँक व्यवहार व शिष्यवृत्ती यांसाठी भ्रमणध्वनीवर येणारा संकेतांक आवश्यक झाला. त्यामुळे जाळ्याबाहेर असणे म्हणजे शासनाच्या योजनांबाहेर असणे, असा अर्थ झाला आहे.

स्पर्धा आयोग व अधिकारक्षेत्राचा वाद : एस. व्ही. एस. राघवन समितीच्या अहवालानंतर (२०००) १९६९ च्या कायद्याऐवजी स्पर्धा अधिनियम, २००२ संमत झाला. भारतीय स्पर्धा आयोगाचे संगनमत व प्रबळ स्थानाचा गैरवापर यांविषयीचे अधिकार मे २००९ पासून व विलीनीकरणांविषयीचे जून २०११ पासून अंमलात आले. दुसरीकडे, स्पर्धेस चालना देणे हे १९९७ च्या अधिनियमानुसार दूरसंचार प्राधिकरणाचेही काम होते. एकाच वर्तनाकडे दोन संस्थांनी पाहावयाचे, तर आधी कोणी, हा प्रश्न अटळ होता.

तो सप्टेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओच्या व्यापारी सेवेच्या प्रारंभाबरोबर पुढे आला. जुन्या कंपन्या पुरेशी अंतर्जोडणी देत नाहीत, अशी तक्रार झाली. प्राधिकरणाने ऑक्टोबर २०१६ मध्ये तीन कंपन्यांवर मिळून ३,०५० कोटी रुपये दंडाची शिफारस केली; स्पर्धा आयोगानेही एप्रिल २०१७ मध्ये चौकशीचा आदेश दिला. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१७ मध्ये आयोगाचा आदेश रद्द ठरविला. ५ डिसेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. परवान्यातील अटी, अंतर्जोडणी यांसारख्या तांत्रिक बाबींचा निष्कर्ष प्रथम दूरसंचार प्राधिकरणाने काढावा. त्यातून संगनमत वा गैरवापर दिसल्यास आयोगाने पुढील चौकशी करावी, असा क्रम त्याने घालून दिला. आयोगाचा अधिकार नष्ट झाला नाही; तो पुढील टप्प्यावर ढकलला गेला.

ग्राहकाच्या वैयक्तिक तक्रारीचाही असाच प्रश्न निर्माण झाला होता. सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या एका निर्णयाने तार अधिनियमातील लवादाच्या तरतुदीकडे बोट दाखवून दूरध्वनीच्या देयकाविषयीची तक्रार ग्राहक मंचापुढे चालणार नाही, असे ठरविले. दूरसंचार प्राधिकरणास वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करण्याचा अधिकार नव्हता व न्यायाधिकरण दिल्लीत होते. त्यामुळे जिल्ह्याच्या ठिकाणी असलेली सर्वांत जवळची दाद संशयास्पद झाली. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने ग्राहक मंचांचा अधिकार स्पष्टपणे मान्य केला.

नियामकाचा पेशा : स्वतंत्र नियमनाबरोबर एक नवा पेशा उदयास आला. प्राधिकरणाच्या अध्यक्षपदी न्यायाधीश सोधी यांच्यानंतर स्टेट बँकेचे माजी अध्यक्ष एम. एस. वर्मा व पुढे मुख्यतः भारतीय प्रशासन सेवेतील निवृत्त वा ज्येष्ठ अधिकारी आले. सचिवालयात भारतीय दूरसंचार सेवेतील अभियंते, अर्थशास्त्रज्ञ, लेखापाल व विधिज्ञ काम करतात. प्रथम विचारविनिमय-पत्रिका, नंतर लेखी मते व प्रतिमते, खुली चर्चा आणि अखेर कारणमीमांसेसह आदेश, ही प्राधिकरणाची कार्यपद्धती भारतीय प्रशासनात अपवादात्मक पारदर्शक मानली जाते. मात्र पत्रिका बहुधा इंग्रजीत असतात व मते प्रामुख्याने कंपन्यांकडून येतात. ग्रामीण ग्राहकाचा आवाज त्या प्रक्रियेत क्षीणच राहतो.

या पेशाचा कणा म्हणजे निःपक्षपातीपणा. पुढील नेमणुकीच्या आशेने निर्णय वाकू नयेत, म्हणून पदावरून निवृत्त झालेल्या अध्यक्ष व सदस्यांना शासकीय नोकरीस मूळ कायद्यात मनाई होती. माजी अध्यक्ष नृपेंद्र मिश्र यांची २०१४ मध्ये पंतप्रधानांचे प्रधान सचिव म्हणून नेमणूक करताना आधी अध्यादेश व नंतर दुरुस्ती अधिनियम करून ही मनाई शिथिल करण्यात आली. दूरसंचार अधिनियम, २०२३ ने दीर्घ अनुभवाच्या खाजगी क्षेत्रातील व्यक्तींनाही या पदांसाठी पात्र ठरविले. त्यामुळे व्यावसायिक ज्ञानाची कक्षा रुंदावली. त्याबरोबर हितसंबंधांच्या दक्षतेची गरजही वाढली.

एकवटलेली बाजारपेठ : सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१२ मध्ये १२२ परवाने रद्द केले व त्यानंतर ध्वनिलहरींच्या वर्णपटाचे वाटप लिलावाने होऊ लागले. २०१६ नंतरच्या दरयुद्धात डेटाचे दर अतिशय उतरले व स्मार्टफोन खेड्यापाड्यांत पोहोचला. पण त्याच वेळी अनेक कंपन्या दिवाळखोरीत निघाल्या वा विकल्या गेल्या. व्होडाफोन व आयडिया ऑगस्ट २०१८ मध्ये एक झाल्या. समायोजित स्थूल उत्पन्नाविषयीच्या ऑक्टोबर २०१९ च्या निर्णयाने उरलेल्या कंपन्यांवर मोठ्या थकबाकीचा बोजा पडला. २०२५ मध्ये भ्रमणध्वनी ग्राहकांपैकी सु. तीन-चतुर्थांश ग्राहक दोन खाजगी कंपन्यांकडे होते. तिसऱ्या खाजगी कंपनीच्या देण्यांचे समभागांत रूपांतर होऊन तीत केंद्र शासनाचा हिस्सा एप्रिल २०२५ मध्ये सु. ४९ टक्के झाला. चौथी, भारत संचार निगम, पूर्णतः शासनाची आहे. १९९७ मध्ये ज्या विसंगतीमुळे स्वतंत्र नियामक निर्माण करावा लागला, ती म्हणजे शासन हेच मालक व नियमकर्ते असणे, निराळ्या रूपात परत आली आहे.

जुलै २०२४ मध्ये तिन्ही खाजगी कंपन्यांनी काही दिवसांच्या अंतराने दर वाढविले. दरांच्या बाबतीत प्राधिकरण २००० नंतरच्या दशकापासून ‘अनिर्बंध’ धोरण पाळते. म्हणजे स्पर्धा आहे, असे गृहीत धरून कंपन्यांना दर ठरवू देते. डिसेंबर २०२४ मध्ये मात्र केवळ संभाषण व लघुसंदेश यांपुरते वेगळे दरपत्रक द्यावे, असा आदेश त्याने काढला. साधा फोन वापरणाऱ्या वृद्ध व ग्रामीण ग्राहकाने नको असलेल्या डेटाचे पैसे का द्यावेत, हा त्यामागील विचार होय.

मूल्यमापन : सु. तीन दशकांच्या या नियमनाचे यश निर्विवाद आहे. प्रतीक्षासूची नामशेष झाली. मिनिटास काही रुपये असलेला दर काही पैशांवर आला. तुळजापूरच्या यात्रेतील फेरीवाला व उमरग्याच्या बाजारातील हमाल या दोघांच्याही खिशात दूरध्वनी आला. परंतु मार्च २०२४ अखेर शहरी भागात दर शंभर माणसांमागे जोडण्यांचे प्रमाण सु. १३४, तर ग्रामीण भागात सु. ५९ होते. दर उतरविण्याचे काम स्पर्धेने केले. अंतर मिटविण्याचे काम जेथे स्पष्ट बांधिलकी व तिच्यामागे पैसा होता, तेथेच झाले. परिमंडळ हे बाजारपेठेचे एकक धरल्याने आतील जिल्ह्यांतील तफावत आकडेवारीत झाकली जाते. पुणे व धाराशिव यांची सरासरी काढली म्हणजे धाराशिवचा प्रश्न सुटतो असे नाही.

१८८५ च्या अधिनियमाची जागा २०२३ चा अधिनियम टप्प्याटप्प्याने घेत असून सार्वत्रिक सेवा निधीचे रूपांतर त्यानुसार ‘डिजिटल भारत निधी’त झाले आहे. नव्या चौकटीत कंपन्या मोजक्या राहिल्या, तर दर ठरविण्यात प्राधिकरणाने किती काळ अलिप्त राहावे, संगनमताची शंका आल्यास स्पर्धा आयोगास किती लवकर वाट मोकळी करून द्यावी आणि विस्ताराच्या अटी परिमंडळाऐवजी तालुका हे एकक धरून का तपासू नयेत, हे यापुढील प्रश्न आहेत. तालुकानिहाय मोजणीसाठी नवी यंत्रणा शोधण्याचे कारण नाही. दूरध्वनीचा जुना नकाशा तालुक्यांवरच आखलेला होता.